स्मृती कोणाच्या हवाली?

योग्याला आपलं हृदय मनात येईल तेव्हा थांबवता येतं का, याचा छडा लावायला १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेतून मोजमापाची यंत्रं घेऊन भारतात आले. त्यांच्या दौऱ्यात लोणावळा होतं, आणि ते साहजिकच होतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम काढलं तेच मुळी योगातले दावे प्रयोगशाळेत तपासायला. नौली करताना पोटात नेमकं काय घडतं हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरले होते, आणि मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो हे मोजून दाखवलं होतं. वेंगर-बागचींच्या हाती आलेलं उत्तर मात्र भाविकांना फारसं रुचणारं नव्हतं. योगी श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळत, हृदयाकडे परतणारं रक्त घटे, मनगटाला नाडी लागेनाशी होई, नळी लावूनही ठोका ऐकू येत नसे. पण ईसीजीच्या कागदावर रेघ उमटतच राही. हृदय चालू होतं. गंमत अशी की त्याच्या चार वर्षं आधीच, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी एका तरुण मुलीच्या हृदय-फुप्फुसांचं काम सव्वीस मिनिटं यंत्राकडे सोपवून तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं होतं. पुढे पोटॅशियमचं द्रावण देऊन हृदय ठरवून थांबवायची आणि काम झालं की पुन्हा चालू करायची रीत रुळली. योग्याला जमतं की नाही यावर इतका खल झाला, ती गोष्ट आज कामशेत, वडगाव, तळेगावच्या माणसांना ज्या पुण्या-पिंपरीच्या दवाखान्यांत नेतात तिथे नेमाने घडते.

हृदय तासभर थांबतं आणि माणूस परत येतो, तेव्हा एक जुनी समजूत निकालात निघते. छांदोग्य आणि कठ उपनिषदांनी आत्म्याला हृदयाच्या गुहेत पाहिलं. चरकाने चेतनेचं ठाणं हृदयात मानलं. भेलसंहितेने मात्र मन डोकं आणि टाळू यांच्या मध्ये असतं असं वेगळं मत नोंदवून ठेवलं, आणि आयुर्वेदाच्या चर्चेत ते बराच काळ एका कोपऱ्यात पडून राहिलं. उपनिषदातलं हृदय म्हणजे शल्यविशारदाच्या हाताखालचा स्नायू नव्हे, असं कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. पण मग खरा प्रश्न पुढे सरकतो. हृदय थांबलं तरी माणूस हरवत नाही. उलट हृदय व्यवस्थित चालू झाल्यावरही कधी कधी घरी परतलेला माणूस थोडा वेगळा असतो. हिशेब चुकतो, बोलताना नाव आठवत नाही, वर्तमानपत्र हातात असतं पण वाचलेलं डोक्यात उतरत नाही. ऑपरेशन यशस्वी झालेलं असतं आणि घरातली माणसं एकमेकांकडे पाहत राहतात. वाचवायचं होतं ते नेमकं काय, आणि ते राखण्याचं काम कोणाचं, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्माचा आहे. माझं म्हणणं असं की आत्मा अविनाशी मानणारा असो की आत्माच न मानणारा असो, मावळात रुजलेल्या प्रत्येक विचारपरंपरेला शस्त्रक्रियेनंतरची स्मृती जपणं हे कर्तव्यच मानावं लागतं. आणि ते एकट्या डॉक्टरवर सोपवून भागत नाही.

आधी पुरावा पाहू. यंत्रावर चाललेल्या शस्त्रक्रियेत मेंदूला धोका कुठून येतो हे बऱ्यापैकी कळलेलं आहे. महारोहिणीत नळी बसवताना किंवा तिला चिमटा लावताना आतल्या भिंतीवरचा चुन्यासारखा थर खरवडला जातो आणि त्याचे कण रक्ताबरोबर वर जातात. हवेचे बारीक बुडबुडे, चरबीचे थेंब यांचाही तोच रस्ता. रक्तदाब काही काळ कमी राहतो. थंड केलेलं शरीर पुन्हा ऊबेला आणताना घाई झाली तर मेंदू गरजेपेक्षा जास्त तापतो. शिवाय परक्या पृष्ठभागांवरून फिरून आलेलं रक्त सगळ्या शरीरात दाह उठवतं. शल्यविशारदांनी या अवस्थेला आपसात ‘पंप हेड’ असं काहीसं उडाणटप्पू नाव दिलं होतं. २००१ साली ड्यूक विद्यापीठाच्या न्यूमन आणि सहकाऱ्यांनी बायपास झालेल्या २६१ जणांचा पाच वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा ते नाव गमतीचं राहिलं नाही. घरी सोडताना ५३ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता घसरलेली होती, सहा आठवड्यांनी ३६ टक्क्यांची, सहा महिन्यांनी २४ टक्क्यांची. म्हणजे बहुतेक सावरत होते. पण पाच वर्षांनी आकडा पुन्हा ४२ टक्क्यांवर गेला होता.

या आकड्यांवर पहिला आक्षेप विज्ञानाच्या घरातूनच आला, आणि तो भक्कम आहे. न्यूमन यांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरोग्यांचा तुलनेचा गट नव्हता. जॉन्स हॉपकिन्समध्ये सेल्नेस आणि मॅकखान यांनी तसा गट घेतला, तेव्हा सहा वर्षांनंतर बायपासवाले आणि नुसत्या औषधांवर असलेले यांच्यात फरक दिसला नाही. दोघांची घसरण निरोगी हृदयाच्या माणसांपेक्षा जास्त होती, इतकंच. हॉलंडमधल्या ऑक्टोपस चाचणीत २८१ रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया यंत्रावर, काहींची धडधडत्या हृदयावर झाली. पाच वर्षांनी दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास रुग्णांची क्षमता उतरलेली होती. यावरून कोणी म्हणेल, मग एवढी चिंता कशाला? दूरच्या घसरणीला यंत्र जबाबदार नाही, रोहिण्यांचा आजार आणि वय जबाबदार आहे. मला हा निष्कर्ष बरोबर वाटतो, पण त्यातून काढलेली निश्चिंतता चुकीची वाटते. दोष यंत्राकडून आजाराकडे गेला म्हणून रुग्णाचा मेंदू सुरक्षित झाला असं होत नाही. ज्या रोहिण्यांनी हृदयाला दगा दिला त्यांच्याच जातीच्या रोहिण्या मेंदूला रक्त पुरवतात. म्हणजे टेबलावर येणारा माणूस बऱ्याचदा आधीच थोडा झिजलेला मेंदू घेऊन येतो. मग त्याला जास्त सांभाळायला हवं, आणि शस्त्रक्रियेआधी त्याची स्मृती एकदा तपासून ठेवायला हवी. नाहीतर नंतर काय गेलं आणि काय आधीपासूनच नव्हतं हे कोणालाच सांगता येणार नाही.

जवळच्या दिवसांतलं नुकसान मात्र वादातीत आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत रुग्ण बरळू लागतो, नळ्या ओढतो, रात्रीचा दिवस करतो. गावाकडे याला वात झाला म्हणतात, क्वचित बाहेरचं लागलं असंही म्हणतात. २०१२ साली सॅक्झिन्स्की आणि सहकाऱ्यांनी साठी ओलांडलेल्या २२५ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ४६ टक्क्यांना असा भ्रम झाला होता. ज्यांना झाला त्यांतले ४० टक्के सहा महिन्यांनंतरही आपल्या मूळ पातळीवर आले नव्हते. ज्यांना झाला नाही त्यांच्यात हे प्रमाण २४ टक्के होतं. हा भ्रम किती साध्या गोष्टींनी वाढतो हे आयसीयूच्या दारात उभं राहिलं की दिसतं. भरती करताना चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून नातेवाइकांच्या हवाली केलं जातं. मग सत्तर वर्षांचा माणूस जागा होतो तो खिडकी नसलेल्या खोलीत, रात्रंदिवस सारख्याच उजेडात. समोरचा चेहरा धूसर, बोललेलं अर्धवट ऐकू येतं, तोंडातून शब्द नीट फुटत नाही, आणि दर तासाला कोणीतरी उठवून रक्त घेतं. ज्या ज्ञानेंद्रियांच्या आधाराने मनाला आपण कुठे आहोत ते कळतं, ती पिशवीत बाहेर बाकावर बसलेली असतात. शॅरन इनूये यांनी येल विद्यापीठाच्या रुग्णालयात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर एक उपाययोजना करून पाहिली. रुग्णाला दिवस-वार-ठिकाण सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र परत देणं, रात्री झोपू देणं, लवकर उठवून चालवणं, पाणी कमी पडू न देणं, एवढाच तिचा गाभा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते हे खरं. पण यातली एकही गोष्ट हृदयाच्या रुग्णाला अपाय करणारी नाही.

आता धर्माचा आक्षेप. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकू येतो आणि पोथीचा आधार घेऊन येतो. शरीर हे जुनं वस्त्र, ते फाटायचंच. मन आणि बुद्धी प्रकृतीची, आत्म्याला त्यांचं सोयरसुतक नाही. वडील विसरायला लागले तर लागले, आत बसलेला तोच आहे. या बोलण्यात सांत्वन आहे आणि त्या क्षणी ते हिरावून घ्यायचं कारण नाही. पण सिद्धांत म्हणून ते अर्धवट आहे. वस्त्राचा दाखला गीतेच्या ज्या दुसऱ्या अध्यायात येतो, त्याच अध्यायात पुढे स्मृती ढळली की बुद्धी जाते आणि बुद्धी गेली की माणसाचा नाश होतो, अशी उतरंड दिलेली आहे. तिथली स्मृती क्रोध-मोहाने ढळते, रोगाने नव्हे, हे मी विसरत नाही. तरीही आत्म्याला अविनाशी म्हणणाऱ्या ग्रंथाला स्मृतीचं जाणं क्षुल्लक वाटलेलं नाही, एवढं त्यातून नक्की निघतं. पतंजलींकडे हे आणखी स्पष्ट होतं. लोणावळ्यात शंभर वर्षं जे सूत्र अभ्यासलं गेलं त्यात द्रष्टा चित्तापासून निराळा आहे आणि स्मृती ही शांत करायच्या पाच वृत्तींपैकी एक आहे. इथवर वाचून थांबणाऱ्याला वाटेल, वृत्तीच ती, गेली तर बरंच. पण तेच पतंजली समाधीकडे जाण्याच्या साधनांत श्रद्धा आणि वीर्य यांच्या रांगेत स्मृतीला बसवतात, आणि साधनेतल्या अडथळ्यांची यादी करताना पहिलं नाव व्याधीचं घेतात. वृत्ती शांत करणं आणि वृत्ती रोगाने उद्ध्वस्त होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं साधकाने स्वतः केलेलं असतं, दुसरं त्याच्यावर कोसळलेलं असतं. भ्रमात नळ्या ओढणाऱ्या माणसाचं चित्त निरुद्ध झालेलं नसतं, ते विस्कटलेलं असतं. चित्तापासून सुटायचं असेल तरी चित्त शाबूत लागतं. म्हणून द्रष्टा वेगळा मानणाऱ्या योगानेच चित्ताची सगळ्यात बारीक निगा राखली.

लोणावळ्याहून मळवलीकडे आलं की प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. भाजे, बेडसे आणि कार्ले इथल्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या भिक्खूंच्या मते आत बसलेला कोणी कायमचा ‘तोच’ नव्हताच. देह, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांचा प्रवाह तेवढा आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. हे मानलं तर बायपासनंतरचा माणूस बदलला यात विशेष काय, तो तर दर क्षणी बदलतच होता, असं कोणी सहज म्हणून जाईल. पण ज्याला मूळचा आत्मा नाही त्याच्यासाठी प्रवाहाच्या अटी हेच सर्वस्व असतं. तेल, वात आणि आडोसा सांभाळला नाही तर विझल्यावर मागे उरलेला कोणी अमर साक्षी बौद्धाला मानता येत नाही. अनात्मवाद्याला हयगय परवडतच नाही; आत्मवाद्याला निदान वरवर परवडल्यासारखी वाटते. आणि कार्ल्याच्या चैत्यात एक गोष्ट नजरेत भरते. ‘मी’ नाकारणाऱ्या धर्माच्या त्या सभागृहाच्या खांबांवर आणि व्हरांड्यात देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत: धेनुकाकटचे यवन, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. प्रवाहालाही नाव लागतं, आणि ते नाव दुसऱ्यांनी वाचावं लागतं.

मिलिंदपञ्हातच स्मृती कोणकोणत्या प्रकारे जागी होते याची एक लांब यादी आहे, आणि माझ्या मते आजच्या आयसीयूला तिच्यातली एक नोंद नेमकी लागू पडते. स्वतःची आठवण, खुणा, ऐकलेला आवाज, लिहिलेला मजकूर अशा वाटांबरोबर तिथे एक वाट अशी सांगितली आहे की स्वभावाने विसरणाऱ्याला दुसऱ्यांनी पुन्हा पुन्हा आठवण करून दिली की त्याची स्मृती उठते. म्हणजे स्मृती ही एका डोक्यातली बंद तिजोरी नाही. हेच मावळाला आणखी एका गोष्टीने माहीत आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली आणि तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा सांगते. त्याच परंपरेच्या पोटात दुसरंही एक सांगणं आहे: अभंग लोकांच्या तोंडी होते आणि संताजी जगनाडे यांनी ते पुन्हा लिहून काढले. संताजी मूळचे चाकणचे, त्यांची समाधी मावळातल्या सुदुंबरे गावी आहे. पहिलं सांगणं चमत्काराचं, दुसरं कष्टाचं. मला दुसरं अधिक धार्मिक वाटतं. एकाचे शब्द नदीत गेले तेव्हा ते इतरांच्या तोंडून परत आले. भ्रमात गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत घरच्यांचं काम हेच असतं, आणि ते करताना एक चूक सर्रास होते. भेटीच्या दहा मिनिटांत जो तो पलंगाशी वाकून विचारतो, सांगा बरं मी कोण? ही परीक्षा झाली, आणि घाबरलेला माणूस तीत नापास होतो. मी तुमची थोरली सून, आज बुधवार, सकाळचे दहा वाजलेत, आपण पिंपरीला दवाखान्यात आहोत, ऑपरेशन नीट झालं, हा तुमचा चष्मा. असं सांगणं म्हणजे आठवण करून देणं. दहा मिनिटांत दोन्हींपैकी एकच मावतं.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लोणावळ्याचं नाव आलं की प्राणायामाने बायपास टळतो, नामस्मरणाने मेंदू तल्लख राहतो, असे दावे आपोआप पुढे येतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांवर योगाधारित पुनर्वसनाची एक मोठी चाचणी भारतातल्या २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले. योग करणाऱ्यांना आपली तब्येत बरी वाटत होती, ते आपापल्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले होते. मात्र मृत्यू किंवा पुन्हा झटका यांसारख्या घटनांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. स्मृतीबद्दल तर ती चाचणी नव्हतीच. माझ्या मते हा निष्कर्ष योगाला कमीपणा आणणारा नाही. कुवलयानंदांनी नौलीच्या वेळी दाबमापक लावला तो असंच उत्तर स्वीकारायची तयारी ठेवून. अवघड आहे ते आपल्या श्रद्धेच्या बाजूचे आकडे जितक्या आनंदाने छापतो तितक्याच आनंदाने विरुद्ध आकडे छापणं. भजन ऐकून रुग्ण शांत झोपत असेल तर ते ऐकू द्यावं, कारण झोपेचा उपयोग दिसलेला आहे. रात्री अकराला मोबाइलवर मोठ्याने लावलेला हरिपाठ मात्र शेजारच्या पलंगावरच्याची झोप मोडतो, आणि हरिपाठ असला म्हणून ते पुण्य होत नाही.

दुसरा पेच सांगण्या-न सांगण्याचा. ऑपरेशनपूर्वी डॉक्टर धोके समजावू लागले की मुलगा हळूच म्हणतो, त्यांना हे सांगू नका, धीर खचेल. मृत्यूचा धोका सांगायला घरं एव्हाना तयार झाली आहेत. भ्रमाचा, विसराळूपणाचा धोका सांगायला अजून नाहीत. त्यामागे माया आहे, आणि यमांच्या यादीत अहिंसा सत्याच्या आधी येते हा दाखलाही देता येईल. पण अहिंसेचा हिशेब एकाच दिवसाचा करून चालत नाही. ज्याला काहीच सांगितलेलं नाही तो तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताना पाहतो आणि आपल्याला वेड लागलं असं समजतो. शुद्धीवर आल्यावर लाजेने कोणाला बोलत नाही. ज्याला आधी सांगितलं होतं, की तीन-चार दिवस डोकं गोंधळेल, चुकीचं दिसेल, ते बहुधा ओसरतं, त्याला निदान एक दोरी धरायला मिळते. सांगितल्याने भीती वाढते हे मान्य केलं तरी ती भीती शुद्धीतली असते, तिला उत्तर देता येतं.

मापनाचाही प्रश्न आहे, आणि मला तो दिसतो त्याहून तात्त्विक वाटतो. स्मृती तपासायची म्हणजे घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करा, असल्या चाचण्या. शाळेत फारसं न गेलेल्या माणसाला त्या मुळातच परक्या. म्हणूनच गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी निराळी हिंदी चाचणी बनवली आणि १९९५ साली प्रसिद्ध केली. पवन मावळातल्या एखाद्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्याचा विचार करा. त्याने आयुष्यात घड्याळ कागदावर काढलेलं नाही. पण काकड्यापासून शेजारतीपर्यंत कोणत्या वेळी कोणता अभंग, कोणत्या चालीत, पखवाज कुठे उठतो, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. शिवाय इंद्रायणी भाताची रोपं कोणत्या खाचरात किती दिवसांनी लावायची तेही. त्याचं काय हरवलं हे चाचणीच्या कागदावर कदाचित उमटणारही नाही. टाळ धरून शेजारी बसणाऱ्याला मात्र पहिल्याच एकादशीला कळेल. सहा आठवड्यांनी फेरतपासणीला गेल्यावर टाके, रक्तदाब, इको पाहिलं जातं. लक्षात पूर्वीसारखं राहतं का, हा विषय घरच्यांनी काढला तर बहुधा निघतो. ज्याला जे हरवल्याचं दिसलं त्याने ते डॉक्टरपुढे मांडणं, हाही सेवेचाच भाग. तो टाळकरी असू शकतो, शेजारी असू शकतो, रोजंदारीवरचा गडी असू शकतो.

आणि जो म्हणतो, मला ऑपरेशनच नको, हृदयाचं व्हायचं ते होवो, मला माझे अभंग आठवत मरू दे? त्याला भित्रा किंवा अडाणी म्हणणं मला पटत नाही. आयुष्याची लांबी आणि त्यातली शुद्ध यांपैकी काय निवडायचं हा त्याचा अधिकार आहे, आणि धर्मात त्याला आधारही सापडेल. फक्त वर सांगितलेला पुरावा त्याच्यापर्यंत पूर्ण पोचला पाहिजे. यंत्र टाळल्याने स्मृती वाचेलच असं नाही; आजार औषधांवर ठेवला तरी तो मेंदूला कुरतडत राहतोच. अभंग वाचवायला म्हणून दिलेला नकार अभंगही वाचवणार नाही, अशी शक्यता बरीच आहे. हे ऐकून तो नाहीच म्हणाला तर नाही.

होकार देणाऱ्याच्या बाबतीत मात्र एक गाठ राहते, आणि ती मला पूर्ण सुटलेली नाही. चौथ्या रात्री भ्रमात तो ओरडतो, नळ्या काढा, मला घरी न्या. ऑपरेशनपूर्वी घरी बसून तोच म्हणाला होता, लागेल ते करा. यातला खरा कोण? पतंजलींच्या मते दोन्ही बोलणी चित्ताची, द्रष्टा दोन्हींचा साक्षी. नागसेनाच्या मते दोन्ही एकाच प्रवाहातल्या लाटा. भ्रम दिवसांत ओसरण्याचा संभव असतो तोवर आधीचं बोलणं पाळावं, हे मला रास्त वाटतं, कारण परत येणारा माणूस त्याबद्दल जाब विचारू शकतो. म्हणून कोणाचं ऐकायचं, कोणाला निर्णय द्यायचा, हे भरती होण्याआधीच ठरवून घ्यावं. पण वर्ष उलटलं, माणूस पूर्वीसारखा झाला नाही, आणि ज्याने चाळीस वर्षं पहाटे काकडा चुकवला नाही त्याला आता देवळात बसवत नाही, उशिरापर्यंत झोपावंसं वाटतं, दुपारी टीव्हीवर कुस्त्या पाहायला आवडतं, तर? घरचे त्याला हाताला धरून देवळात नेतात आणि बाबांनाच हे आवडायचं म्हणतात. मला ही जुन्या माणसाच्या नावाने नव्या माणसावर केलेली सक्ती वाटते. आठवण करून देणं त्याला उपयोगी पडत होतं तोवर घरच्यांनी ती दिली. आता तो जे मागतो आहे ते शुद्धीत मागतो आहे, भले तो पूर्वीचा नसेल. त्याला कुस्त्या पाहू द्याव्यात.